स्पॅनिशमध्ये रस्ता विचारता येतो, उत्तर कळत नाही. काय करावं?

पायवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही दोघं एका ग्रूपबरोबर स्पेनला जाऊन आलो. ग्रानादात एक दुपार मोकळी मिळाली. आम्ही आल्बाइसिनमध्ये हिंडायला गेलो. अलहाम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या समोरच्या टेकडीवरची ही जुनी वस्ती. पांढऱ्या भिंती, गोट्यांचे अरुंद बोळ, पावलोपावली चढ. आम्हाला मिरादोर दे सान निकोलास हवा होता, जिथून अलहाम्ब्रा समोर दिसतो. एका दारात खुर्ची टाकून आजोबा बसले होते, मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलत. मी महिनाभर घोकलेलं वाक्य म्हटलं, "पेर्दोने, दोंदे एस्ता एल मिरादोर दे सान निकोलास?"

वाक्य इतकं स्वच्छ आलं, की आजोबांना वाटलं बाईंना स्पॅनिश येतं. ते बोलायला लागले. हात वर गेला, मग डावीकडे, मग मनगट असं वळवलं. मला त्या सगळ्यातून एकच शब्द कळला, "इग्लेसिया", म्हणजे चर्च. मी "ग्रासियास" म्हटलं आणि चालायला लागले, ते नेमकी उलट्या दिशेला. दहा पावलं गेले असेन. मागून चपलांचा आवाज. आजोबा ताट खाली ठेवून आले होते. त्यांनी माझ्या दंडाला हलकेच धरलं, मला वळवलं आणि चढावरच्या कोपऱ्यापर्यंत सोबत आले. त्यांच्या स्वेटरला शेंगांच्या हिरव्या शिरा चिकटलेल्या होत्या. मला त्यांना काहीतरी बोलायचं होतं, आणि माझ्याकडे "ग्रासियास"पलीकडे शब्दच नव्हता.

परत आल्यावर मी स्पॅनिशचा क्लास लावला. आता सहा महिने झाले. मे महिन्यात आम्ही दोघंच, ग्रूपशिवाय, कामीनो दे सांतियागोचा, म्हणजे सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटेचा, शेवटचा टप्पा चालणार आहोत. सार्रिया ते सांतियागो, साधारण ११५ किलोमीटर. प्रश्न विचारायची तयारी झाली आहे. पण उत्तर कानावर आलं की अजूनही सगळं एकत्र मिसळतं. ज्यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत रस्ते विचारले आहेत त्यांनी सांगा, कान कसा तयार करायचा?

झटपट

ताई, फोनमध्ये नकाशा उतरवून घ्या. नेट नसलं तरी चालतो. कामीनोवर तर जागोजागी पिवळे बाण आहेत. वयाच्या मानाने कशाला एवढा त्रास?

वर्गशिक्षिका

पायवाट ताई, तुमची अडचण माझ्या वर्गातल्या प्रत्येकाची असते. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण प्रश्न पाठ करतो आणि उत्तर नशिबावर सोडतो. तयारी उलटी करायची. उत्तरात येणारे शब्द मोजकेच असतात. 'आ ला देरेचा' उजवीकडे, 'आ ला इस्क्येर्दा' डावीकडे, 'तोदो रेक्तो' सरळ. 'सुबे' म्हणजे चढ, वर जा. 'बाखा' म्हणजे खाली उतर. 'क्रूसा' म्हणजे ओलांड. स्पेनमध्ये 'तिरा तोदो रेक्तो' फार ऐकू येतं. 'तिरार' म्हणजे फेकणे किंवा ओढणे, पण इथे अर्थ इतकाच, की चालत सुटा सरळ.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द मात्र 'आस्ता', म्हणजे 'पर्यंत'. 'आस्ता एल सेमाफोरो', सिग्नलपर्यंत. 'आस्ता ला प्लासा', चौकापर्यंत. 'आस्ता एल फिनाल', रस्ता संपेपर्यंत. कान 'आस्ता'वर ठेवा. त्याच्या पुढे येतं ती तुमची पहिली खूण. बाकीचं निसटलं तरी हरकत नाही. त्या खुणेपर्यंत जा आणि तिथे दुसऱ्या कुणाला तरी विचारा. अख्खा रस्ता एकाच माणसाकडून समजून घ्यायचा अट्टहास सोडला की निम्मं ओझं उतरतं.

दुसरं, ऐकलेलं परत म्हणून दाखवा, हाताने दाखवत. "तोदो रेक्तो, आस्ता ला इग्लेसिया, सी?" समोरचा मान डोलावतो किंवा दुरुस्त करतो. तुम्हाला वेळ मिळतो आणि त्यालाही कळतं, की या बाईंशी सावकाश बोलायला हवं. "मास देस्पासिओ, पोर फावोर", जरा हळू बोला, हे तर बिनदिक्कत म्हणायचं.

आणि एक मराठी माणसाची हमखास चूक. आपलं 'आहे' तिथे तीन ठिकाणी विभागलं जातं. ठरावीक जागा कुठे आहे, तर 'दोंदे एस्ता'. इथे जवळपास एखादं मेडिकल आहे का, तर 'आय उना फार्मासिया पोर आकी?' आणि एखादा कार्यक्रम कुठे आहे, तर 'दोंदे एस'. कामीनोवर तुम्हाला यात्रेकरूंच्या प्रार्थनेची चौकशी करावीशी वाटेल. तेव्हा "दोंदे एस ला मिसा?" म्हणा, 'एस्ता' नको.

पायवाट

वर्गशिक्षिका, 'आस्ता'चं कुणी सांगितलंच नव्हतं! आत्ता एक ध्वनिफीत परत लावून ऐकली. चार वेळा आला तो शब्द आणि मी चारही वेळा सोडून दिला होता.

झटपट, नकाशा घेणारच आहे. पण त्या आजोबांनी मला वळवलं ते नकाशाने केलं नसतं. मला रस्ता हवा आहे तसं ते बोलणंही हवं आहे.

तीनचाकी

एक वाक्य माझ्याकडून: 'नो तिएने पेर्दिदा'. म्हणजे आपलं 'अहो समोरच आहे, चुकायचं कामच नाही'. स्पेनमध्ये हे ऐकलं, की पाण्याची बाटली भरून घ्यावी. पुढे किमान तीन वळणं असतात.

बोगोताचा_भाऊ

मी गेली सात वर्षं कोलंबियात आहे. वर 'सरळ'ला 'रेक्तो' दिलंय ते स्पेनचं. इकडे सरळला 'देरेचो' म्हणतात आणि उजवीकडे म्हणजे 'देरेचा'. फरक शेवटच्या स्वराचा!

मी नवीन होतो. एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं. वाटेत फुलं विकणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सिगा देरेचो." मी उजवीकडे वळलो आणि चढ चढत राहिलो. बोगोता २६०० मीटर उंचीवर आहे, चढावर श्वास लगेच तोकडा पडतो. पंधरा मिनिटांनी परत त्याच मावशींपाशी आलो. त्यांनी काही न विचारता समोरच्या रस्त्याकडे बोट केलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात सरळ ताणून दाखवला. तेव्हापासून मी 'देरेचो' ऐकलं की स्वतःचा हात तसाच सरळ करून विचारतो, "आसी?", म्हणजे असं?

पण बोगोतात एकदा पत्त्याची रीत कळली, की विचारावं फार कमी लागतं. पूर्वेला डोंगरांची रांग आहे, मोन्सेर्राते त्यातलाच. डोंगराला समांतर जातात त्या 'कार्रेरा', डोंगराकडे जातात त्या 'काये'. दोघींना आकडे. काये उत्तरेकडे वाढत जातात, कार्रेरा पश्चिमेकडे. समजा पत्ता आहे काये ७२, नंबर १०-३४. म्हणजे ७२व्या कायेवर, १०व्या कार्रेरापासून साधारण ३४ मीटर. पत्त्यातच अंतर लिहिलेलं! डोंगर दिसत असला की पूर्व दिसते, मग चुकणं अवघड.

अजून एक. इथे 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही' मुक्तहस्ते वापरा. बोगोतात मित्र मित्रालाही उस्तेद म्हणतो. स्पेनमध्ये मात्र दुकानदारसुद्धा पटकन 'तू'वर येतो, त्यात अपमान नसतो.

सांजवेळ

बोगोताचा भाऊ, तुमचा तो ताणलेला हात डोळ्यांसमोर आला.

मी ब्युनोस आयर्समध्ये तीन वर्षं होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिकडे अंतर मीटरमध्ये कुणी सांगतच नाही, 'क्वाद्रा' मोजतात. एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत एक क्वाद्रा, धरा शंभर मीटर. "त्रेस क्वाद्रास देरेचो ई दोब्लास आ ला इस्क्येर्दा", तीन क्वाद्रा सरळ आणि डावीकडे वळ. घरांचे आकडेही तसेच, एका क्वाद्राला शंभर. तुम्ही १४५० नंबरपाशी उभे असाल आणि जायचंय १८२० ला, तर साधारण चार क्वाद्रा. मला या हिशेबाची इतकी सवय झाली, की ठाण्याला परत आल्यावर मी भाजीवाल्याला "किती क्वाद्रा?" विचारता विचारता थांबले होते.

उच्चारही निराळा. बाकी जग रस्त्याला 'काये' म्हणतं, तिथे 'काशे'. 'कोमो येगो', कसं पोहोचू, हे तिथे 'कोमो शेगो' होतं. पहिला आठवडा मला वाटायचं मी भलतीच भाषा शिकून आलेय. आणि रिवादाविया नावाचा मोठा रस्ता ओलांडला, की उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांची नावंच बदलतात. रस्ता तोच, सरळ, पण पाटी वेगळी. रिवादावियाच्या अलीकडे की पलीकडे, हे आधी विचारून घ्यायचं.

एक सावधगिरी, मुद्दाम लिहिते. स्पेनमध्ये बस पकडण्याला 'कोखेर' हे क्रियापद सर्रास वापरतात. अर्जेंटिना आणि मेक्सिकोत तो शब्द चारचौघांत उच्चारू नये असा आहे. 'तोमार' म्हणा, सगळीकडे चालतं.

नर्मदातीरी

बसलाही किती नावं! स्पेनमध्ये आउतोबुस, मेक्सिकोत कामियोन, क्युबात आणि कनारी बेटांवर ग्वाग्वा, अर्जेंटिनात कोलेक्तिवो. आपल्याकडे एसटी म्हटलं की संपलं.

झटपट

पुन्हा येतो. मी त्रास म्हणालो ते पायवाट ताईंना लागलं असेल तर माफ करा. पण मुद्दा सोडत नाही. परक्या गावात, दमलेलं असताना, अंधारात, समोरच्याने मनापासून पण चुकीचा रस्ता सांगितला तर? माझ्या आईवडिलांच्या बाबतीत परदेशात हे झालंय. थंडीत दीड तास भटकत होते. म्हणून मी म्हणतो, बोलणं बोलण्याच्या जागी, पण आधी फोनवर बघावं.

सह्यकडा

झटपट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी मेक्सिकोत चार वर्षं काढली. रस्ता विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणायला लोकांना फार जड जातं. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, ही भावना. मग अंदाजाने का होईना, काहीतरी सांगतात. मला तिथल्या घरमालकीण बाईंनीच शिकवलं होतं, की तिघांना विचार, दोघांचं जुळलं तर चाल.

त्या बाईंची एक खूण मी अजून वापरतो. सांगणारा आधी त्या दिशेला बघतो का ते पाहायचं. ज्याला खरंच ठाऊक असतं त्याची मान आधी वळते, शब्द नंतर येतात. ज्याला ठाऊक नसतं तो तुमच्याकडेच बघत बोलत राहतो.

आणि मेक्सिको सिटीत नुसतं रस्त्याचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाचे रस्ते कितीतरी ठिकाणी. "एन के कोलोनिया?", कुठल्या वस्तीतला, हा उलट प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा.

कसबापेठी

सह्यकडा, हे फक्त मेक्सिकोचं कसं म्हणता? आमच्या आजोळी, वाईजवळ, "देऊळ किती लांब?" विचारलं की "हे काय, आलंच" हेच उत्तर, मग ते अर्ध्या कोसावर असो की दोन. त्यात फसवणूक नसते, चालणाऱ्याला धीर असतो.

कोरडवाहू

मी शेतीच्या कामानिमित्त मध्य अमेरिकेत राहिलो आहे, कोस्टा रिका आणि निकाराग्वा. तिथली पत्त्यांची तऱ्हा जगावेगळी, तेव्हा थोडं मोठं लिहितो.

कोस्टा रिकात घराचा आकडा विचारणारा माणूस मला भेटला नाही. पत्ता असा असतो: चर्चपासून २०० मीटर उत्तरेला, मग ५० मीटर पूर्वेला, हिरवं फाटक. यातले १०० मीटर म्हणजे एक गाळा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मग तो प्रत्यक्षात ८० मीटर असो की १२०. मीटर मोजायला गेलात तर चुकाल, कोपरे मोजायचे. आणि खूण अस्तित्वात असलीच पाहिजे असंही नाही. राजधानी सान होसेला लागून सान पेद्रो आहे, तिथे एक मोठं अंजिराच्या जातीचं झाड होतं, 'इगेरोन'. झाड गेलं. पत्ते अजून 'आंतिग्वो इगेरोन'पासूनच मोजतात, 'जुन्या इगेरोनपासून'. नवख्या माणसाने झाड शोधत बसायचं.

निकाराग्वाची राजधानी मानाग्वा, तिथलं कारण मात्र मन हलवणारं आहे. २३ डिसेंबर १९७२ ला तिथे भूकंप झाला आणि शहराचा मध्य कोसळला. पुष्कळ भाग पूर्वीसारखा पुन्हा उभा राहिलाच नाही. इमारती गेल्या, पण लोकांच्या मनातला नकाशा राहिला. अजून सांगतात, "दे दोंदे फुए...", म्हणजे 'जिथे अमुक होतं तिथून'. जिथे ते लहान झाड होतं, जिथे ती पेप्सीची जागा होती. तिथून दोन क्वाद्रा 'आल लागो', सरोवराकडे, म्हणजे उत्तरेला. मग एक क्वाद्रा 'आर्रीबा', वर. वर म्हणजे चढ नाही हां, सूर्य वर येतो ती दिशा, पूर्व. 'आबाखो', खाली, म्हणजे सूर्य उतरतो ती पश्चिम. मी पहिल्या आठवड्यात 'वर' ऐकून चढ शोधत होतो, आणि सगळीकडे सपाट.

माझ्या ऑफिसातला तरुण ड्रायव्हर भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला. त्याने त्या इमारती कधी पाहिल्याच नव्हत्या. पण आईने सांगितलेल्या खुणांवर तो अख्खं शहर अचूक फिरायचा.

कसबापेठी

कोरडवाहू, वाचून अंगावर काटा आला.

पण आपणही तेच करतो. पुण्यात लकडी पुलाला आज लाकडाची फळी नाही. नाव संभाजी पूल, बोलताना लकडी पूल. शिवाजी पूल शंभरी ओलांडून गेला, तरी नवा पूलच. मुंबईत काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली हलवला, मधली पन्नासेक वर्षं तिथे घोडाच नव्हता, आणि लोक "काळ्या घोड्यापाशी भेटू" म्हणत राहिले.

नर्मदातीरी

आणि व्हेनेझुएलाची राजधानी काराकास! तिच्या जुन्या भागात रस्त्यांपेक्षा कोपऱ्यांना मान आहे. प्रत्येक कोपऱ्याला नाव, आणि पत्ता म्हणजे 'या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत'. त्यातले दोन शेजारी कोपरे आहेत, 'पेलीग्रो' आणि 'पेले एल ओखो'. पेलीग्रो म्हणजे धोका. पेले एल ओखो म्हणजे डोळे नीट उघडे ठेव.

कसबापेठी

हे तर आपले मारुतीच झाले! पत्र्या मारुती, सोन्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती. काराकासच्या माणसाला पेठांमधून फिरवलं तर त्याला घरी आल्यासारखं वाटेल.

ओवी

इतकं छान चाललंय, पण एकटीने फिरणाऱ्या मुलींसाठी दोन गोष्टी लिहायच्याच आहेत. मी स्पेनमध्ये एका सत्रासाठी शिकायला होते.

रस्त्यावरच्या कुणालाही विचारण्यापेक्षा दुकानात शिरा. फार्मासियावर हिरवा क्रॉस चमकत असतो, लांबून दिसतो. बेकरी, वर्तमानपत्राचा ठेला, तिथली माणसं रोज दहा जणांना रस्ता सांगतात, त्यांचं सांगणं आटोपशीर असतं. आत शिरल्यावर आधी "ओला, बुएनास तार्देस", मग प्रश्न. नमस्काराशिवाय थेट प्रश्न टाकला तर तिथे ते खटकतं. मी पहिले दोन दिवस घाईत थेट विचारायचे आणि तुटक उत्तरं यायची. 'ओला' म्हणायला लागले आणि माणसं बदलली.

माद्रिदमध्ये आकड्यांचीही मदत होते. रस्त्याचं जे टोक शहराच्या मध्यावरच्या पुएर्ता देल सोल चौकाला जवळ, तिथून घरांचे आकडे सुरू होतात. आकडे वाढत चालले, की आपण मध्यापासून लांब जातोय. रात्री मेट्रोतून वर आल्यावर मला याचा फार आधार वाटायचा, कुणाला न विचारताही दिशा कळायची.

आणि टॉयलेट कुठेय विचारलंत, तर उत्तर आधीच सांगून ठेवते: 'आल फोंदो आ ला देरेचा'. शेवटपर्यंत आत, मग उजवीकडे. स्पेनमध्ये यावर विनोद आहेत, की कुठल्याही हॉटेलात जा, उत्तर हेच.

अंत्रुजकार

मी फोंड्याचा. माझ्या आजीला पोर्तुगीज येत होतं, मला तुटपुंजं येतं, त्यामुळे स्पॅनिश कानाला ओळखीचं वाटतं. चावी, बटाटा, पगार, बादली हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. स्पॅनिशमध्ये 'पगार' हे क्रियापदच आहे, पैसे देणे. 'बाल्दे' म्हणजे बादली. मराठी माणूस स्पॅनिश शिकायला बसतो तो अगदी रिकाम्या हाताने नाही.

पायवाट ताईंच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्या चालणार तो मुलुख गालिसिया. तिथल्या खेडोपाडी स्पॅनिश सगळ्यांना येतं, पण घरची भाषा गालिसियन, आणि ती पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिथे रस्त्याच्या पाटीवर 'काये' क्वचित दिसेल, 'रूआ' दिसेल. आमच्या गोव्यात, पणजी शहरातल्या फोंतेन्यास भागात जुन्या पाट्यांवर 'रुआ' लिहिलेलं असतं, तेच. आणि डावीकडे म्हणताना म्हातारी माणसं 'इस्क्येर्दा' न म्हणता 'एस्केर्दा' म्हणतील. उजवीकडे 'देरेइता'. हे आधीच कानात घालून ठेवा, नाहीतर ऐन वळणावर गोंधळ होईल.

वर्गशिक्षिका

अंत्रुजकार, फार मोलाचं लिहिलंत. मी वर्गात हे सांगायला हवं होतं आणि सांगत नाही.

झटपट

पिवळ्या बाणांबद्दल वर मी उल्लेख केला होता, त्याची गोष्ट सांगतो. एलियास वालिन्या नावाचे एक धर्मगुरू होते, गालिसियाच्या सीमेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे. वाट लोकांच्या विस्मरणात चालली होती. १९८४ मध्ये त्यांनी पिवळा रंग घेतला आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत निघाले. आज हजारो लोक त्या बाणांमागून चालतात. मला हे फार आवडतं. कुणालाही विचारायची गरज पडू नये म्हणून एका माणसाने आयुष्यातली वर्षं दिली. पायवाट ताई, मी नकाशाची बाजू घेतो ती या भावनेने.

पायवाट

झटपट, हे माहीत नव्हतं. तुमच्या पहिल्या प्रतिसादाचं मला वाईट वाटलं होतं, आता नाही. पहिला बाण दिसला की त्या धर्मगुरूंना नमस्कार करीन.

मी दोन वर्षं आळंदी ते सासवड वारीत चालले आहे. तिथे अनोळखी माणसाला हाक मारायची तर 'माउली'. रस्ता विचारायचा तरी माउली, पाणी मागायचं तरी माउली. कामीनोवर म्हणे सगळे एकमेकांना 'बुएन कामीनो' म्हणतात, वाट चांगली जावो. ते ऐकायची फार ओढ लागलीय.

रोज अर्धा तास 'आस्ता'चा सराव चालू आहे. हे मला स्वयंपाकघरातून बाल्कनीत स्पॅनिशमध्ये पाठवतात. "तोदो रेक्तो, आस्ता ला पुएर्ता."

सांजवेळ

काकांना नमस्कार सांगा. आणि तिकडून लिहा हं.

पायवाट

मंडळी, पोर्तोमारीनहून लिहिते. आज पहिला दिवस झाला, २२ किलोमीटर. पाय सुजलेत, पण आधी हे लिहून मग झोपेन.

हे गाव मूळ जागी नाही. १९६०च्या दशकात खाली नदीवर धरण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. तिथलं सान निकोलाओचं चर्च दगड दगड सुटा करून वर आणलं आणि परत बांधलं. दगडांवर तेव्हा घातलेले आकडे भिंतीवर अजून दिसतात, असं वाचलं होतं. ते बघायचं होतं. नाव वाचून ग्रानादाचा सान निकोलास आठवला, मग फोन पिशवीतच ठेवला.

एका घरासमोर एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, तोंडात दोन चिमटे. मी म्हटलं, "ओला, बुएनास तार्देस. पेर्दोने, दोंदे एस्ता ला इग्लेसिया?" त्यांनी चिमटे काढले, आणि सह्यकडा, त्यांची मान आधी वळली! मग बोलल्या, भराभर. मी 'आस्ता'ची वाट बघत उभी. आलं, "आस्ता आ प्रासा", आणि शेवटी "आ एस्केर्दा". अंत्रुजकार, तुम्ही लिहिलं नसतंत तर ते माझ्या हातून गेलं असतं. मी परत म्हटलं, "तोदो रेक्तो, आस्ता आ प्रासा, आ एस्केर्दा?" त्या हसून म्हणाल्या, "एसो, एसो."

चर्च मिळालं. आकडेही मिळाले, लालसर, पुसट, एकेका दगडावर. हे बराच वेळ बोट ठेवून वाचत होते.

परतताना त्याच बाई दारात होत्या. मी सांगितलं, आम्ही भारतातून आलो, आज सार्रियाहून चाललो, पाय दुखतात. एवढं सगळं बोलले मी, चुका झाल्या असतील. त्यांनी आतून दोन संत्री आणून हातात ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारत दोनदा म्हणाल्या, "वेन्या, वेन्या." हा शब्द क्लासात आला नव्हता. वर्गशिक्षिका, याचा अर्थ काय?

वर्गशिक्षिका

स्पॅनिशमध्ये 'वेंगा', गालिसियनमध्ये 'वेन्या'. शब्दशः 'या'. पण निरोप देताना, पाठीवर थाप मारून म्हणतात तेव्हा, "चला, निघा आता, होईल सगळं नीट."

संत्री खा आणि झोपा.